जसं करता तसंच करा

"इथं ठोकू, का अजून थोडं आत?" पाटीवाल्याने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता पहार घालायला सुरुवातही केली.

"अहो, तिथं नको, तिथून पाणी जातं," थोरला म्हणाला. पण तोवर खड्डा झाला होता. लोखंडी नळीवर बसवलेली हिरवी पाटी खड्ड्यात उभी राहिली, भोवती माती दाबली गेली, आणि पाटीवाला दोन पावलं मागं सरकून म्हणाला, "झाली बघा सरळ." ती सरळ नव्हती. पण समोरच्याने 'झालं' म्हटलं की मान डोलवायची, हा थोरल्याचा स्वभाव होता. त्याने मान डोलवली.

चष्मा घरी राहिला होता. त्याने बायकोला हाक मारली. "वाच गं, काय लिहिलंय ते."

बायकोने पदराने हात पुसले आणि शाळेतल्यासारखं मोठ्याने वाचलं, "तुलनेसाठी नमुना. पारंपरिक पद्धत." मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "म्हणजे तुम्ही नमुना."

"मी कशाला? शेत नमुना. आणि नमुना म्हणजे चांगलंच असतं. दुकानात कापडाचा नमुना दाखवतात की नाही?"

"कापडाचा नमुना चांगला असतो," बायको म्हणाली. "माणसाला नमुना म्हटलं की लोक हसतात."

बांधाच्या पलीकडे, धाकट्या भावाच्या शेतात, तशीच दुसरी पाटी उभी राहिली. तिच्यावर मोठ्या अक्षरांत 'सुधारित पद्धत' एवढंच होतं. ती मात्र सरळ होती.

बांध म्हटला की भावाभावांत कुऱ्हाडी निघतात, हे जगाला माहीत आहे. वीतभर मातीसाठी लोक कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात आणि मरताना पोरांना जमीन कमी आणि खटला जास्त देऊन जातात. या दोन भावांचं नवल असं की वाटणी झाल्यावर ते जास्त बोलायला लागले. वडिलांचं शेत मधोमध कापून जो बांध घातला, तीच त्यांची बैठक झाली. दुपारी कामं आटोपली की दोघं बांधावर येऊन बसायचे. पाय आपापल्या रानात आणि बूड सामाईक. धाकट्याला थोरला अजून बारक्या म्हणायचा. बारक्याचं पोट सुटलं होतं, कानांवरचे केस पिकले होते, पण नाव एकदा पडलं ते पडलं.

बारक्याच्या डोक्यात सतत एखादा किडा वळवळत असायचा. कुठं काही वाच, कुणाचं शेत बघून ये, मोडक्या सायकलचं चाक लावून तण काढायचं कोळपं बनव. तो आपल्या रानाच्या एका कोपऱ्यात काहीतरी करून बघायचा, थोरला बांधावरून हंगामभर न्याहाळायचा, आणि बरं दिसलं की पुढच्या वर्षी आपल्या अख्ख्या रानात करायचा. फसलं तर बारक्याला दोन शिव्या घालायचा. पहिला मार बारक्याने खायचा आणि पहिला घास दोघांनी, असं त्यांचं चाललं होतं.

अशात, पाट्या लागायच्या आधी, मॅडम आल्या. शेतकी केंद्रातल्या. वयाने थोरल्याच्या पुतणीएवढ्या, पायात रबरी बूट, बोलणं मोकळं. त्यांनी दोन्ही रानांतली माती पिशव्यांत भरून नेली, आठ दिवसांनी परत आल्या आणि खूश होऊन म्हणाल्या, "माती एक, उतार एक, पाणी एक. असं जोडशेत शोधून सापडायचं नाही. एकात नवी पद्धत करू, दुसऱ्यात जुनी. तूर दोन्हीकडे. लोक एका बांधावर उभे राहून दोन्ही बघतील."

धाकट्याला काय काय करायचं ते त्यांनी बाजूला नेऊन सांगितलं. मग थोरल्याकडे आल्या. "तुम्हाला, दादा, काहीही करायचं नाही."

"काहीही?"

"म्हणजे, जसं करता तसंच करा. काही बदलायचं नाही, काही वाढवायचं नाही. आणि एक गोष्ट दोघांनाही सांगते. हंगाम संपेपर्यंत शेतीबद्दल एकमेकांशी बोलायचं नाही. हे सांगणार, तुम्ही करणार, मग मी फरक कशाचा दाखवू?"

"बाकीचं बोललं तर चालेल ना?" धाकट्याने विचारलं.

"बाकीचं बोला की. घरचं बोला."

पीक चांगलं आलं तर धाकट्याला मार्गदर्शक शेतकरी करणार होते. गावोगाव न्यायचे, माईक हातात द्यायचे. बारक्याला आयुष्यात एकच हौस होती, ती म्हणजे कुणीतरी आपलं ऐकावं. आजवर ऐकणारा एक थोरलाच होता. त्याने भावाचा चेहरा बघितला आणि म्हणाला, "हो म्हणून टाक. तुझं भलं होतंय, माझं काय जातंय?" हे तो स्वतःच्या तोंडाने म्हणाला होता, त्यामुळे पुढं कुणाला बोल लावायची सोय राहिली नाही.

पाटी लागली त्या रात्री जेवताना थोरल्याने बायकोला विचारलं, "मी कशी शेती करतो?"

"म्हणजे?"

"अगं, जसं करता तसंच करा म्हणाल्या त्या. पण मी करतो कसं? नेमकं काय करतो?"

"इतकी वर्षं शेती करताय आणि मला विचारताय?" बायको हसली. मग नवरा खरंच अडलाय हे बघून विचारात पडली. "तुम्ही बघता."

"काय बघतो?"

"दुसऱ्यांचं. भावजी काय करतात ते बघता, वरच्या रानातला म्हातारा काय करतो ते बघता. महिनाभर नुसते बघता. मग त्यातलं जे बरं दिसेल ते करता. हीच तुमची पद्धत."

थोरल्याला राग आला, पण यात खोटं काय ते सापडेना. बियाला राख चोळायची, ती म्हाताऱ्याची. ओळी उताराला आडव्या, त्या बारक्याच्या. खत कुजवायचा खड्डा सासऱ्यांचा. अगदी आपलं म्हणून एक तरी काम निघेल या आशेने तो अंथरुणावर पडल्या पडल्या शोधत राहिला आणि एकही न सापडता त्याला झोप लागली. मग पाटीवरची ती पारंपरिक पद्धत होती तरी कुणाची?

पेरणी झाली, तण आलं. थोरल्याने सायकलचं कोळपं बाहेर काढलं आणि परत आत ठेवलं. मग मॅडमना फोन लावला.

"मॅडम, ते सायकलचं कोळपं चालवू का?"

"नेहमी चालवता का?"

"दोन-तीन वर्षं झाली."

"मग चालवा."

"पण ते बारक्याने बनवलंय."

"यंदा बनवलंय का?"

"नाही, तेव्हाच."

"मग चालवा, दादा. नेहमीचंच झालं ते."

म्हणजे बारक्याचं जुनं ते आपलं, आणि बारक्याचं नवं ते बारक्याचं, असा काहीतरी हिशेब असावा. थोरल्याने तो स्वतःला दोनदा समजावला, आणि दोन्ही वेळा तो मधेच कुठंतरी निसटला.

पलीकडं बारक्याने बी टोकलं होतं ते लांब लांब. दोन ओळींच्या मधून बैल जाईल एवढी जागा मोकळी. थोरल्याच्या जिभेवर आलं होतं, 'अर्धं रान रिकामं कुणासाठी ठेवलंस, पाहुण्यांसाठी?' एरवी तो हे म्हणाला असता, बारक्या हसला असता, मग तासभर वाद घातला असता, आणि शेवटी थोरल्याला त्यातली मेख कळली असती. आता त्याने जीभ चावली. दुपारी दोघं बांधावर बसले तेव्हा घरचं बोलायची पाळी आली.

"वहिनी बरी आहे?" बारक्याने विचारलं.

"सकाळी तुझ्याच घरी होती की."

"हो. बरी वाटली."

इतक्या वर्षांत आपण शेतीखेरीज दुसरं काही बोललोच नाही, हे दोघांच्याही एकदमच लक्षात आलं असावं. घरचं बोलायला दोघांच्या बायका समर्थ होत्या. तरी चार-सहा दिवस त्यांनी नेटाने घरचं बोलून बघितलं. पुढं पुढं बारक्याला दुपारी कामं निघायला लागली. थोरला एकटाच बांधावर बसायचा, आणि बारक्या दिसला की तो रानाच्या पलीकडच्या कडेला वळलेला दिसायचा. नियम पाळत होता बिचारा. थोरल्याला हे कळत होतं. कळूनही लागायचं ते लागतच होतं.

गावात सलूनवाल्याने त्या पाटीचं सोनं केलं. थोरला दाढीला गेला की तो गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं म्हणायचा, "या, नमुना! आज जुन्या पद्धतीने करू का सुधारित?" थोरला सगळ्यांबरोबर हसायचा. हसावं की रागवावं हे ठरवायला त्याला वेळ लागायचा, आणि तोवर हसून झालेलं असायचं. एकदा मात्र तो म्हणाला, "अरे, नमुना म्हणून निवडायलासुद्धा लायकी लागते." यावर सगळं सलून असं हसलं की सलूनवाल्याला वस्तरा बाजूला ठेवावा लागला.

तूर गुडघ्याच्या वर आली असेल नसेल, एका सकाळी बारक्या आणि त्याची बायको ओळीओळीने वाकून चाललेली दिसली. प्रत्येक झाडापाशी थांबायचं, बोटांत शेंडा धरायचा आणि मोडून टाकायचा. चांगला कोवळा, लुसलुशीत शेंडा.

"बारक्या!" तो बांधावरून ओरडला. "काय करतोयस? रोग पडलाय का?"

बारक्याने मान वर केली. त्याला सांगायचं होतं, हे इतक्या लांबूनही दिसत होतं. मग त्याने हात वर केला आणि म्हणाला, "दादा, विचारू नको ना."

थोरला वळला आणि आपल्या रानात आला. रोगच असणार, त्याने ठरवलं. बिचाऱ्याचं पीक गेलं. दोन दिवस त्याला जेवण गोड लागलं नाही. आपल्या तुरीची पानं तो उलटीपालटी करून बघत राहिला, रोग बांध ओलांडून येतोय की काय म्हणून.

रोगबिग काही नव्हता. दोन महिने उलटले तसं बारक्याचं रान भरायला लागलं. शेंडे मोडलेल्या झाडांना बाजूने फांद्या फुटल्या, त्या फांद्यांना आणखी फांद्या, आणि बैल जाईल एवढ्या त्या मोकळ्या जागेतून आता मांजर जाणं मुश्कील झालं. थोरल्याची तूर उंच वाढली होती, त्याच्या डोक्याच्याही वर, पण अंगाने किडकिडीत. नेहमी अशीच यायची आणि नेहमी ती त्याला चांगली वाटायची. आता बांधावर उभं राहून एकदा इकडं, एकदा तिकडं बघितलं की मान आपोआप खाली जायची. लोक येणार होते. मॅडम तारीख सांगून गेल्या होत्या. वडील गेल्यावर ज्या भावाला त्याने हाताला धरून शेती शिकवली, त्याच्या शेजारी थोरल्याचं रान 'असं करू नका' म्हणून दाखवणार होते.

त्याने चार दुपारी बांधावर बसून बारक्याची वाट बघितली. नियम मोडायला तो तयार होता. एकदा नुसतं विचारायचं होतं, शेंड्याचं काय ते. बारक्या एकदा समोरून आला, थबकला, आणि "दादा, मोटर चालू राहिलीय" म्हणून परत गेला. मोटर चालू नव्हती. तिचा आवाज सगळ्या शिवाराला येतो.

पाचव्या दिवशी थोरला बायकोला म्हणाला, "चल. शेंडे खुडायचे."

"बाई गं! वाढत्याचा शेंडा मोडू नये म्हणतात."

"माझा नाही का मोडला अकरावीत? वडील गेले, शिक्षण सुटलं तेव्हा."

"मग? फुटल्या का फांद्या?"

"बारक्या शिकला की," थोरला म्हणाला आणि पहिल्या ओळीत शिरला.

बायको मागून आली खरी, पण दोन झाडांपाशी थांबून तिने शेंडा निरखला. "अहो, याला बारीक कळ्या दिसतायत. भावजींनी खुडले तेव्हा होत्या का?"

"उशिरा का होईना, शेंडा तो शेंडा."

"मॅडम काय म्हणाल्या होत्या? काही बदलायचं नाही."

"जसं करता तसंच करा म्हणाल्या. मी कसं करतो? तूच सांगितलंस ना? बघून करतो. बघितलं, आता करतोय." हे बोलताना त्याला फार दिवसांनी मोकळं वाटलं. इतक्या गोंधळातून एक सरळ वाट सापडली होती, आणि त्या वाटेने त्याने दोन दिवसांत सगळं रान खुडून काढलं. झाडं उंच होती, हात वर करून करून खांदे भरून आले. खाली पडलेल्या शेंड्यांवर कळ्यांचे पिवळे ठिपके दिसत होते. बायकोने त्यातला एक उचलून त्याच्यासमोर धरला, आणि त्याने तो दिसलाच नाही असं दाखवलं.

झाडं आठवडाभर तशीच मुकी उभी राहिली. मग कुठं कुठं बाजूने फुटली, पण त्या फुटव्यांना वेळ उरला नव्हता. बारक्याचं रान शेंगांनी वाकलं तेव्हा थोरल्याच्या तुरीवर बहुतेक पानंच होती, आणि ज्या शेंगा होत्या त्या खालच्या अंगाला, अळीने टोचलेल्या. इतकं वाईट पीक त्याने जन्मात काढलं नव्हतं. आपण नेमकं काय चुकलो हे त्याला कळेना. शेंडाच मोडला होता, बारक्याने मोडला तसाच. हाताने, दोन बोटांत धरून. आणि विचारायचं कुणाला? ज्याला विचारायचं तो मोटर बंद करायला गेला होता.

ठरल्या दिवशी लोक आले. दोन गाड्या भरून, आसपासच्या गावांतले, बाया-बापे, काही हातात छत्री घेऊन. बांध इतक्या माणसांचं वजन सहन करेल की नाही अशी थोरल्याला काळजी वाटली. मॅडमनी माईक हातात घेतला, एका हाताने बारक्याला पुढं ओढलं, आणि बारक्या बोलायला लागला. पहिली दोन वाक्यं अडखळली, मग जो सुटला तो सुटलाच. "शेतकरी बंधूंनो आणि भगिनींनो, आपण काय करतो, दाट पेरतो. आपल्याला वाटतं, जास्त बी, जास्त पीक. तर आपण इथंच चुकतो." लोक माना डोलवत होते. कुणीतरी लिहून घेत होतं. थोरल्याचा ऊर भरून आला. हा आपला बारक्या, ज्याचं ऐकायला गावात काळं कुत्रं थांबत नव्हतं. आपलं पीक कसं आहे, हे तो तेवढ्यापुरतं विसरला.

मग मॅडमनी दोन्ही रानांतून एकेक झाड उपटून आणलं. बारक्याचं बारक्याच्या हातात दिलं, थोरल्याचं थोरल्याच्या. "जरा वर धरा, दादा. मागच्यांना दिसू दे." दोघं भाऊ बांधावर शेजारी शेजारी उभे राहिले आणि दोघांनी झाडं वर धरली. बारक्याला दोन हात लागले. थोरल्याला एक पुरला. मागून हसू आलं, वाईट हसू नव्हतं ते, आपलं सहज. थोरल्याला सलून आठवलं, पण या वेळी त्याला हसता आलं नाही.

पुढच्या रांगेत परगावचा एक म्हातारा शेतकरी होता. तो काही हसला नाही. जवळ आला आणि थोरल्याच्या हातातलं झाड वाकवून बघायला लागला. "मॅडम, जुन्या पद्धतीनेसुद्धा इतकं वाईट येत नाही हो. माझं बरं येतं यापेक्षा. आणि याचे शेंडे कुणी मोडले?"

मॅडमनी थोरल्याकडे बघितलं. माईक त्याच्या तोंडासमोर आला. "दादा, तुम्ही नेहमीसारखंच केलंत ना? काही वेगळं तर नाही केलं?"

थोरल्याने बारक्याकडे बघितलं. बारक्याची नजर त्या मोडलेल्या शेंड्यावर होती. बोटांनी मोडलेला शेंडा त्याने ओळखला नसता तर तो बारक्या कसला? आता खरं सांगितलं तर आपली अब्रू राहील, थोरल्याला वाटलं. म्हणता येईल, मी इतका वाईट शेतकरी नाही, हे बघून केलं आणि फसलं. पण मग ती पाटी खोटी, तुलना खोटी, आणि इतक्या लोकांसमोर बारक्या कशाचा मार्गदर्शक?

"हो," तो माईकमध्ये म्हणाला. आवाज त्याला स्वतःलाच परका वाटला. "नेहमीसारखंच केलं." आणि हे खोटं आहे की खरं, हे त्याला त्या क्षणी सांगता आलं नसतं.

"मग हे शेंडे?" म्हातारा काही सोडायला तयार नव्हता.

"शेळी शिरली होती," बारक्या एकदम म्हणाला. माईक नसतानाही सगळ्यांना ऐकू गेलं. "दादाच्या रानात. दोन दिवस."

"असं होतंच," मॅडम म्हणाल्या. "कुंपण नसलं की शेळ्या येतातच." मग त्यांनी कुंपणावरही चार वाक्यं सांगितली.

म्हाताऱ्याने झाड सोडलं. डोक्याच्या वर वाढलेल्या तुरीचे शेंडे खाणारी शेळी केवढी असेल, हे त्याने मनातल्या मनात मोजलं असावं. पण तो पाहुणा होता, आणि गाडी निघायची वेळ झाली होती.

गाड्या गेल्या. मॅडम गेल्या, जाताना थोरल्याचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "तुमच्यामुळे झालं हे, दादा. जुनं समोर असल्याशिवाय नवं दिसत नाही." त्यांच्या मनात नुसतं चांगलंच होतं. थोरल्याने मान डोलवली. बायको आधीच घरी गेली होती. तो बांधावर बसला, पाय आपल्या रानात सोडून.

थोड्या वेळाने बारक्या आला. आता बोलायची बंदी नव्हती. तरी तो बसला नाही, आपल्या बाजूला उभाच राहिला.

"मला शेळी केलंस," थोरला म्हणाला.

"मग काय सांगू? माझ्या भावाने कळ्या आल्यावर शेंडे मोडले म्हणून सांगू?"

"सांगायचं होतंस."

"आणि तू काय म्हणालास? नेहमीसारखंच केलं म्हणे!"

"नेहमीसारखंच केलं. तुझं बघूनच करतो ना मी नेहमी?"

बारक्याने कपाळावरचा घाम बाहीला पुसला. "मग विचारायचंस तरी, दादा."

"तूच म्हणालास, विचारू नको."

थोरल्याला खरं तर एकच विचारायचं होतं. ती शेळी तू कुणासाठी आणलीस, माझी अब्रू झाकायला की तुझी पाटी सांभाळायला? पण हे विचारलं आणि बारक्याने खरं उत्तर दिलं तर मग पुढं काय करायचं, हे त्याला माहीत नव्हतं. कदाचित ते बारक्यालाही माहीत नसेल. थोरल्याने समोरच्या वाकलेल्या रानाकडे बघितलं. आजवर त्याने भावाचं पुष्कळ घेतलं, पण ते बघून घेतलं, आणि बोललाच तर शिव्या घालत, वाद घालत. बघताना मान ताठ राहते. विचारायचं म्हणजे ती थोडी वाकवावी लागते, आणि थोरल्या भावाची मान धाकट्यापुढं वाकायला आयुष्य जावं लागतं.

"कधी खुडायचा असतो शेंडा?" त्याने विचारलं.

बारक्याने घसा खाकरला. दिवसभर बोलून आवाज जड झाला होता, आणि तोच जड, मोठा आवाज बाहेर आला. "पीक गुडघ्याच्या वर आलं, की आपण शेंडा खुडायचा. फक्त वरचा, दोन बोटांत येईल एवढा. कळी दिसायच्या आत. एकदा का कळी दिसली, मग आपण हात लावायचा नाही."

थोरला चमकला. आपण. दिवसभर बारक्या त्या परक्या लोकांना हेच आपण, आपण म्हणत होता. माईकवर सगळेच म्हणतात तसं. पण लहानपणी, एक रान असताना, 'दादा, आपण पुढच्या वर्षी असं करू' म्हणायचा, तेही आपणच होतं. त्यात दोघंच होते. मग आताचं हे कुठलं? त्याने बारक्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. बारक्या त्याच्याकडे बघत नव्हता, तुरीकडे बघत होता.

"परत सांग," थोरला म्हणाला.

बारक्याने परत सांगितलं, अक्षर न बदलता. थोरल्याने नीट कान देऊन ऐकलं. मग थोडा बाजूला सरकला आणि बांधावर एका माणसापुरती जागा केली. बारक्या अजून उभाच होता.